भरली गाडी, रिकामी गाडी

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. काट्यावर वजन भरले ५१२ किलो. भाव लागला किलोला एक रुपया. म्हणजे ५१२ रुपये झाले. त्यातून गाडीभाडे वजा झाले. हमाली वजा झाली. तोलाई वजा झाली. हातात काय राहिले? दोन रुपये आणि वर काही पैसे! त्या शेतकऱ्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, आणि तोही पुढच्या तारखेचा. वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा वाचणारा प्रत्येक जण चुकचुकला.

कांद्याचा भाव का पडतो, हा मोठा विषय आहे. तो आज घेत नाही. आज आपण पट्टीतल्या एकाच ओळीकडे पाहू. ती ओळ म्हणजे गाडीभाडे. भाव चांगला असला की या ओळीकडे कोणी बघत नाही. भाव पडला की तीच ओळ सगळे खाऊन टाकते.

भाड्यातला मोठा वाटा डिझेलचा असतो. आणि ते डिझेल माल वाहण्यात किती जाते, फुकट किती जाते, हे कळले तर आपले डोळे उघडतात.

तुमच्या आजोबांची बैलगाडी आठवा. गाडी जुंपण्याआधी ते आखाला वंगण घालत. का बरे? वंगण नसले की चाक कुरकुरते, आख तापतो आणि बैलांच्या अंगावर ओढ येते. बैलांची ताकद माल ओढण्यात न जाता आख तापवण्यात जाते. आजोबांना हे कोणी शाळेत शिकवले नव्हते. बैलांची धाप त्यांना सांगत होती.

आजोबा आणखी एक गोष्ट करत. बाजारातून परत येताना गाडी रिकामी आणत नसत. मीठ, गूळ, सरकीची पेंड भरून आणत. काही नाही तर वाटेवरच्या गावची एखादी माहेरवाशीण तरी गाडीत बसून येई. "बैल चालायचेच आहेत, मग रिकामे का चालवा?" असा साधा हिशेब होता.

हा हिशेब ट्रकच्या काळात हरवला.

आम्ही गेल्या उन्हाळ्यात निफाड तालुक्यातून कांद्याच्या ट्रकमध्ये बसून वाशीच्या मार्केटला गेलो. मुद्दामच गेलो. हा पाठ लिहायचा होता, आणि घरात बसून लिहिलेले खोटे पडते. वाट सुमारे सव्वादोनशे किलोमीटरची. नाशिक मागे टाकले, इगतपुरी आली आणि कसाऱ्याचा घाट लागला. भरलेला ट्रक घाट उतरताना ड्रायव्हरने बारका गिअर टाकला. तरी पाय ब्रेकवरच होता. थोड्या वेळाने जळका वास आला. आम्ही घाबरलो. ड्रायव्हर हसला. "काही नाही गुरुजी, ब्रेक तापलेत. रोजचंच आहे."

हा वास लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पहाटे वाशीला माल उतरला. आम्ही विचारले, "आता परत काय भरणार?"

"काय भरणार? भाडं मिळालं तर नशीब. नाहीतर रिकामीच पळवायची. दोन दिवस थांबलो तर चहा-जेवणातच भाडं जातं, आणि मालक फोनवर बोंबलतो ते वेगळंच."

त्या दिवशी भाडे मिळाले नाही. ट्रक रिकामा परत आला. मागे हौदा खडखडत होता, आणि डिझेल जळतच होते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आपण हिशेब करू. ट्रकमध्ये दहा टन, म्हणजे शंभर क्विंटल माल आहे. भरलेला ट्रक लिटरला पाच किलोमीटर जातो असे धरू. रिकामा असला तर सात. जाताना ४५ लिटर लागले. येताना रिकामे ३२ लिटर. एकूण ७७ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर झाले ६,९३० रुपये. हे सगळे शंभर क्विंटल कांद्यावर बसले. म्हणजे क्विंटलमागे ६९ रुपये.

आता समजा, परत येताना ट्रकला भाडे मिळाले. खताची पोती म्हणा, सिमेंट म्हणा. मग येतानाही ४५ लिटर लागतील. पण ते खताच्या माथी. कांद्याच्या माथी फक्त जातानाचे ४५ लिटर, म्हणजे ४,०५० रुपये. क्विंटलमागे चाळीस.

एकोणतीस रुपयांचा फरक पडला! नवे इंजिन नको, नवा रस्ता नको. फक्त रिकामा हौदा भरला. अर्थात हा फरक शेतकऱ्याच्या पदरात पडेलच असे नाही. मालक तो खिशात घालू शकतो. पण फरक उरलाच नाही, तर कोणाच्याच पदरात काही पडत नाही.

मग ट्रक रिकामे का येतात? माल नसतो म्हणून नव्हे. वाशीहून नाशिककडे येणारा माल असतोच. पण माल कोणाकडे आहे हे ट्रकवाल्याला ठाऊक नसते, आणि ट्रक कुठे उभा आहे हे मालवाल्याला ठाऊक नसते. दोघे एकाच शहरात असून एकमेकांना सापडत नाहीत. जत्रेत चुकलेल्या भावांसारखी गत. पूर्वी ही गाठ हुंडेकरी घालून द्यायचा. त्याच्या कचेरीबाहेर ट्रकवाले बाकावर बसून राहायचे. आजही बसतात.

आकड्यांची भाषा

इथे मोबाइल कामाला येतो.

'डिजिटल' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ काही भारी नाही. डिजिटल म्हणजे आकड्यांत मांडलेले. गाडी कुठे आहे, तिच्यात किती वजन आहे, टाकीत किती डिझेल आहे, हे सगळे आकड्यांत मांडले की ते तारेवरून किंवा हवेतून क्षणात दुसरीकडे पाठवता येते. आणि संगणक हजारो आकडे एका दमात ताडून पाहतो. माणसाला ते जमत नाही.

भाडे मिळवून देणारी ॲप्स असेच काम करतात. ट्रकवाला फोनवर लिहितो, "वाशीत आहे, दहा टनांचा ट्रक, नाशिककडे जायचे आहे." मालवाला लिहितो, "तुर्भ्याला आठ टन खत आहे, सिन्नरला पोचवायचे आहे." संगणक दोघांची जोडी जुळवतो. भाऊ जत्रेत सापडतात.

आकड्यांशिवायही हुशारीने माल वाहता येतो, हे मात्र विसरू नका. मुंबईचे डबेवाले पाहा. त्यांच्यातले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले आपलेच लोक. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा आणि अक्षरे काढलेली असतात. कोणत्या स्टेशनला उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे त्या खुणा सांगतात. सायकल, लोकलगाडी आणि डोक्यावरचा पाटा, एवढ्यावर काम चालते. आणि जाताना भरलेला डबा नेणारा माणूस येताना रिकामा डबा आणतो. त्याची एकही फेरी मोकळी नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालू आहे. झाकणावरची ती खूण आणि फोनमधला आकडा, दोघांचे काम एकच.

आता एक कटू अनुभव सांगतो. आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने फोनवर भाडे शोधले. समोरच्याने गोड बोलून विचारले, "नोंदणीचे दोन हजार आधी पाठवा. मग माल भरायला या." याने पाठवले. सांगितलेल्या पत्त्यावर गेला तर तिथे बंद पडलेले गोदाम. फोनही बंद. दोन हजार गेले आणि दोन दिवस गेले. त्याची बायको आम्हाला म्हणाली, "तुम्हीच ह्यांना वाचायला शिकवलंत, आता फसवणूक ओळखायलाही शिकवा." तिचे बरोबर होते.

तेव्हा ऐका. भाडे देणारा तुम्हाला पैसे देतो. तो तुमच्याकडे आधी पैसे मागत असेल तर सावध व्हा. फोनवर आलेला चार किंवा सहा आकडी गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नका, मग तो बँकेचा साहेब असल्याचे सांगो की आणखी कोणी. माल भरण्याआधी बिल्टी नीट वाचा. त्यावर गाडीचा नंबर, वजन आणि ठरलेले भाडे आहे ना, ते बोट ठेवून वाचा. वाचता येते ते कशासाठी?

वरून कोण पाहते?

ट्रकमध्ये ड्रायव्हरसमोर फोन लावलेला होता. त्यावर रस्त्याचा नकाशा आणि एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपला ट्रक. क्लीनर पोरगा म्हणाला, "वरून उपग्रह बघतो आपल्याला." असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नाही.

तुम्ही नदीच्या या काठावर उभे आहात. पलीकडे कोणी धुणे आपटते आहे. धुणे दगडावर आपटलेले आधी दिसते, आवाज मागाहून येतो. आवाजाला यायला वेळ लागतो. तीन सेकंद लागले तर पलीकडचा माणूस सुमारे एक किलोमीटर लांब आहे, असे समजावे. म्हणजे वेळेवरून अंतर काढता येते.

उपग्रह तेच करतात. ते पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरत असतात आणि सारखे एकच सांगत असतात, "मी अमुक जागी आहे, आता इतके वाजले." तो संदेश फोनला थोडा उशिराने पोचतो. किती उशीर झाला यावरून फोन अंतर काढतो. असे निदान चार उपग्रह ऐकले की आपण कुठे आहोत हे फोनला कळते. गावदेवीच्या देवळापासून इतके, पाटलाच्या विहिरीपासून इतके आणि चावडीपासून इतके, असे सांगितले की जागा नेमकी सापडते ना, तसे. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. हिशेब करतो तो फोन. ही लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणून घड्याळ फार नेमके लागते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर जागा तीनशे मीटरने चुकते!

मग मालकाला घरबसल्या ट्रक कुठे आहे हे कसे कळते? फोन किंवा ट्रकमधली डबी ती जागा मालकाला कळवते म्हणून. सांगणारा वर नाही, तुमच्या खिशात आहे.

या डबीबद्दल ड्रायव्हरचे मन कडू होते. "मी ब्रेक जोरात मारला तरी मालकाला कळतं. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तरी कळतं. घरी बसून डोळा ठेवतो माझ्यावर."

डबी खोटे बोलत नाही हे खरे. उभ्या ट्रकचे इंजिन चालू राहिले तर तासाला लिटर-दोन लिटर डिझेल धुरात जाते. साठच्या वेगाऐवजी ऐंशीने ट्रक हाकला तर वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. हवा कमी असलेले टायर म्हणजे वंगण नसलेला आख. हे सगळे डबी दाखवते आणि चांगला ड्रायव्हर त्यातून पुष्कळ डिझेल वाचवू शकतो. पण वाचलेल्या डिझेलचा पैसा कोणाचा? आमचे मत स्पष्ट आहे. डबीतले आकडे मालकाप्रमाणे ड्रायव्हरलाही दिसले पाहिजेत आणि बचतीत त्याचा वाटा असला पाहिजे. नुसता चाबूक दाखवून बैलसुद्धा नीट चालत नाही.

उभ्या ट्रकची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मुंबईच्या वेशीवर, मुलुंडला आणि दहिसरला, जकातनाक्यांवर ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. पुढे १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला संगणकावर काढलेले ई-वे बिल लागू झाले. ताज्या भाजीपाल्याला ते लागत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवर चिकटवलेल्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहर सोडते. त्या लहरीतूनच पट्टीला घटकाभर शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक सांगून पुन्हा झोपी जाते. ट्रक जितका कमी थांबतो, तितके डिझेल वाचते.

विजेची गाडी

आता त्या जळक्या वासाकडे येऊ.

एका लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटे शक्ती असते. युनिट म्हणजे तेच, जे तुमच्या विजेच्या बिलात लिहिलेले असते. पण इंजिन त्यातली साडेतीन-चार युनिटेच चाक फिरवायला देते. बाकीची उष्णता होऊन धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. आणि जी शक्ती चाकापर्यंत पोचली, तीही घाट उतरताना ब्रेक तापवण्यात जाते. तो वास म्हणजे जळलेला पैसा.

विजेची मोटर अशी नसते. तिला दहा युनिटे दिली तर साडेआठ-नऊ युनिटे ती चाकाला देते. तुमच्या मोटारपंपाची मोटर आणि ही मोटर, दोघी एकाच घरच्या. शिवाय तिच्यात आणखी एक गुण आहे. सायकलचा जुना डायनामो आठवतो? चाक फिरले की दिवा लागायचा आणि पेडल जरा जड व्हायचे. विजेच्या गाडीची मोटर उतारावर असाच डायनामो बनते. गाडी उतरू पाहते, मोटर तिला मागे धरते आणि धरताना वीज तयार करून बॅटरीत भरते. कसाऱ्याच्या घाटात जे ब्रेकमध्ये जळाले, त्यातले बरेचसे परत मिळाले असते. रेल्वेची नवी विजेची इंजिने हेच करतात. उतरणाऱ्या मालगाडीची वीज तारेत परत जाते.

मग सगळे ट्रक विजेचे का करत नाहीत? बॅटरीच्या वजनामुळे. आमच्या त्या ट्रकला निफाडहून वाशीला न्यायला ढोबळ मानाने दोनशे-सव्वादोनशे युनिटे लागतील. तेवढी वीज साठवणारी बॅटरी सुमारे दीड टन भरते. म्हणजे पंधरा क्विंटल कांदा खाली ठेवावा लागेल. वर ती बॅटरी महाग. म्हणून लांब पल्ल्याच्या जड मालाला अजून डिझेलच जास्त चालते. ठरलेल्या छोट्या वाटेवर, उदाहरणार्थ बंदर ते वखार, जड ट्रकही विजेवर परवडू शकतो. पण खरी सोय आहे ती छोट्या गाड्यांची. दूध, भाजी, किराणा, गॅसची टाकी वाहणारी तीनचाकी.

बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नव्हे. आत अनेक लहान घट ओळीने जोडलेले असतात. चार बैलांच्या औताला एक बैल दुबळा जुंपला तर सगळे औत त्याच्याच चालीने चालते. बॅटरीतही तसेच. एक घट आधी रिकामा झाला की सगळ्यांना थांबावे लागते. म्हणून आत एक लहानसा संगणक बसवलेला असतो. प्रत्येक घट किती भरला, किती तापला, यावर तो लक्ष ठेवतो. कोणी जास्त तापला तर वीज तोडतो. तो नीट नसला तर काय होते? २०२२ साली पुण्यात आणि देशात आणखी काही ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून कोणाकडूनही जोडून घेतलेली बॅटरी गाडीत बसवू नका. उन्हातून आलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. जरा निवू द्या. आणि चार्जिंगची वायर पलंगाखालून, गवताच्या गंजीवरून नेऊ नका.

एक खरी गोष्ट लपवून ठेवणार नाही. विजेची गाडी धूर सोडत नाही, पण वीज कुठून येते? कोयनेच्या पाण्यावरची वीज असेल तर उत्तम. पण आपल्या देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर होते. चंद्रपूरच्या केंद्राच्या चिमण्या तुम्ही पाहिल्या असतील. कोळशाचे तीन वाटे जाळले तर जेमतेम एक वाटा वीज होते. तेव्हा कोळशाच्या विजेवर गाडी चालवली तर बचत होते ती तुमच्या खिशाची. देशाच्या इंधनाची बचत थोडीच होते. सूर्याच्या विजेवर चालवली तर दोन्ही.

लांबच्या मालाला विजेपेक्षाही जुना उपाय आहे. तो म्हणजे रूळ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळते. रबरी टायर डांबरावर दबत दबत चालतो. म्हणून रुळावर ओढ फार कमी लागते. एक मालगाडी साडेतीन हजार टनांहून जास्त माल नेते. आमच्यासारखे साडेतीनशे ट्रक एका मागे एक उभे करा, मग कळेल. ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारकडे शंभरावी सुटली. सांगोल्याची डाळिंबे तिच्यातून गेली. तेव्हा फळांना आणि भाज्यांना भाड्यात निम्मी सूट होती. अडचण एकच. रेल्वे शेताच्या बांधावर येत नाही. वाघीण भरायला माल एका जागी, एका वेळी जमावा लागतो. कोणाकडे किती माल आहे हे चार दिवस आधी एकमेकांना कळले, तरच तो जमतो. म्हणजे पुन्हा फोन आला, आकडे आले आणि शेतकऱ्यांची एकी आली. त्यातली एकी कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

एक टेम्पो घ्यायचा आहे

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका मावशींचा मुलगा दूध वाहतो. चार वाड्यांवरचे दूध गोळा करून शीतकेंद्रावर घालतो. गाडी डिझेलची, जुनी. तो म्हणाला, विजेची घेतो. मावशी रात्री आमच्याकडे आल्या. "कर्ज काढतो म्हणतोय. बॅटरी बसली तर हप्ते कोण भरणार? दोन एकर तेवढं आहे आमच्याकडे."

आम्ही मुलाला बोलावले आणि वही पुढे ठेवली.

डिझेलची गाडी माल भरून लिटरला पंचवीस किलोमीटर जाते. ९० रुपये लिटर धरले तर किलोमीटरला तीन रुपये साठ पैसे. विजेच्या तीनचाकीची बॅटरी आठ युनिटांची. ती भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर नऊ युनिटे पडतात. युनिटला नऊ रुपये धरले तर ८१ रुपये. त्यावर भरलेली गाडी ऐंशी किलोमीटर जाते असे धरले. म्हणजे किलोमीटरला एक रुपया. रोजचे साठ किलोमीटर. रोज दीडशे रुपये वाचले. वर्षाला तीनशे दिवस, तर पंचेचाळीस हजार. विजेची गाडी लाखभर रुपयांनी महाग पडली, तर सव्वादोन वर्षांत फिटते.

मुलगा खूश झाला. मावशी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे सगळं 'धरलं तर'. धरायचं कशाला? मोजा की."

आम्हाला ते पटले. मुलाने पंधरा दिवस रोजचे किलोमीटर वहीत लिहिले. साठ नव्हेत, काही दिवशी चौऱ्याहत्तर निघाले, कारण बाजारच्या दिवशी तो पेंडही आणतो. मग तो विक्रेत्याकडे गेला आणि म्हणाला, "कागदावरचा आकडा नको. गाडी तीन दिवस द्या, माझे कॅन भरून चालवतो." विक्रेत्याने थोडी खळखळ केली, पण दिली. दुसऱ्या दिवशी, बाजारच्या दिवशी, भरल्या कॅनांनिशी वाडीचा चढ चढून आल्यावर काट्याने दाखवले की आता फक्त अठरा किलोमीटर उरले आहेत. केंद्रावर जायला चौदा लागतात. पोचला. पण परत यायला वीज नव्हती.

बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हमी संपल्यावर नवी बॅटरी केवढ्याला, हे प्रश्न त्याने वहीत लिहून नेले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने विक्रेत्याकडून लेखी घेतली. तिसऱ्याचे उत्तर तोंडीच मिळाले. ते मावशींना मान्य नाही. ते लिहून येईपर्यंत अंगठा नाही आणि सहीही नाही, असे त्यांनी सांगून टाकले आहे. मावशी आता सही करतात.

मुलगा सध्या दुसऱ्या एका खटपटीत आहे. शीतकेंद्राच्या छपरावर सूर्याच्या विजेच्या पाट्या आहेत. दूध उतरवून कॅन धुवून होईपर्यंत त्याची गाडी दुपारी तिथे दीड-दोन तास उभी असते. तेवढ्या वेळात तिथेच गाडी भरता आली तर बाजारच्या दिवसाचा प्रश्न सुटतो. त्यासाठी वेगळा मीटर आणि सावलीत जागा द्यावी, असा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. संस्थेच्या पुढच्या सभेत तो वाचला जाईल.